कापड कुणाच्या हुकमानं?

आपल्या नंदुरबार जिल्ह्याला समुद्र नाही. मधून तापी जाते, उत्तरेच्या हद्दीवरून नर्मदा जाते, आणि दोघींच्या मधी सातपुड्याच्या रांगा. तापी पुढं सुरतेजवळ समुद्राला मिळते. आपली माणसं दरसाल तिच्याच वाटेनं गुजरातेत ऊसतोडीला जातात, पण समुद्र बघायला म्हणून कुणी जात नाही. वाळूत आडवं पडून ऊन खाणारी बाई आमच्या वस्तीनं कधी ऐकलेलीही नाही.

उन्हाचा तुटवडा मात्र आमच्या बायांना कधी पडला नाही. पटत नसेल त्यानं दिवाळीनंतर नंदुरबारला यावं आणि शहराबाहेरच्या मिरचीच्या पथाऱ्या बघाव्यात. नजर जाईल तिथवर लाल मिरची वाळत घातलेली, आणि तिच्यात दिवसभर उकिडव्या बसलेल्या बाया. नाकातोंडाला फडकं गच्च बांधलेलं, हाताची आग, डोळ्यांना धार, कडेला झोळीत लेकरू. तिथं अंगावर ऊन घ्यायची मजुरी मिळते, आणि तीही पुरेशी नाही.

तरी आज मी लिहितेय ते समुद्रकिनाऱ्यावर छाती उघडी ठेवून ऊन घेणाऱ्या बायकांबद्दल. ज्यांना हसायचंय त्यांनी इथंच हसून घ्यावं. विषय परका वाटेल, चवचाल वाटेल, चळवळीचा याच्याशी संबंध काय असंही वाटेल. संबंध आहे, दोस्तांनो. बाईच्या छातीवर कापड असावं की नसावं, यावर या देशात राजांनी जाहीरनामे काढलेत, पंचांनी दंड केलेत, झुंडींनी लुगडी फेडलीत. हुकूम कुणी काढला, कुणासाठी काढला, आणि तो मोडणारीचं काय झालं, हे आपल्या अभ्यासवर्गात कुणी शिकवत नाही. म्हणून हा खटाटोप.

आधी गोऱ्यांचं बघू, म्हणजे तिकडं सगळा मोकळा कारभार आहे हा समज तरी जाईल.

उन्हाचा शौक तिकडंही जुना नाही. युरोपातल्या वरच्या वर्गातल्या बायका एकेकाळी छत्रीशिवाय बाहेर पडत नसत, कारण रापलेली कातडी म्हणजे शेतात राबणाऱ्याची कातडी. पुढं मजूर कारखान्यात कोंडला गेला, पांढराफटक पडला, आणि १९२० च्या दशकापासून रापलेलं अंग ही सुट्टी परवडणाऱ्याची खूण झाली. आपल्याकडं तेवढंही झालं नाही. १९७५ साली बाजारात आलेल्या ‘फेअर अँड लव्हली’चं नाव २०२० साली ‘ग्लो अँड लव्हली’ झालं. डबीत काय विकतात ते पथारीवरच्या पोरीलाही कळतं.

आणि पुरुषाची उघडी छाती तरी तिकडं कुठं जन्मसिद्ध होती? १९३० च्या दशकात अमेरिकेच्या किनाऱ्यांवर वरचं अंग उघडं टाकणाऱ्या पुरुषांनाही पोलीस पकडत, दंड करत. पुरुषांनी जुमानलं नाही, नियम मागं सरले. बाईसाठी ते तिथंच थांबले. २१ जून १९८६ ला न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टर शहरात सात बायका एका सार्वजनिक बागेत छाती उघडी ठेवून जेवायला बसल्या आणि पकडल्या गेल्या. असे खटले चालत राहिले, आणि १९९२ साली त्या राज्याच्या सगळ्यात वरच्या न्यायालयानं रॉचेस्टरच्या बायकांना निर्दोष ठरवलं. कॅनडात ग्वेल्फ शहरात जुलै १९९१ च्या उकाड्यात ग्वेन जेकब नावाची विद्यार्थिनी शर्ट काढून रस्त्यानं चालत गेली. आजूबाजूचे पुरुष तसेच उघडे फिरत होते. तिला ७५ डॉलर दंड झाला. ती लढली, आणि १९९६ साली वरच्या कोर्टानं तिला सोडलं.

फ्रान्सचा दाखला सगळे देतात. १९६४ च्या उन्हाळ्यात तिथल्या दक्षिण किनाऱ्यावर नुसत्या खालच्या कपड्यातल्या बायका दिसू लागल्या, तेव्हा सरकारनं खटल्यांचा दम भरला. सत्तरच्या दशकात ते अंगवळणी पडलं. पण अंगवळणी पडलं म्हणजे काय, ते झाँ-क्लोद कॉफमन नावाच्या समाजशास्त्रज्ञानं किनाऱ्यावर लोकांशी बोलून १९९५ साली पुस्तकात मांडलं. कागदावर नियम काहीच नाही, आणि नजरेत नियमच नियम. आडवी पडलेली बाई चालते, तीच उभी राहून चालायला लागली की माना वळतात. तरणीबांड, सुडौल असेल तर हक्क. म्हातारी, ओघळलेली असेल तर लोक तोंडानं काही बोलत नाहीत, नाक मुरडतात. पुरुषानं असं बघायचं की बघितलं नाही असं वाटावं. आता तर तिथल्या तरुण बायका हे कमी करू लागल्यात. कातडीच्या कॅन्सरची भीती आहे, छेडछाड आहे, आणि कुणाच्या मोबाईलमध्ये आपण जाऊ ही धास्ती आहे.

त्याच फ्रान्समधल्या दोन गोष्टी शेजारी ठेवून बघा. ऑगस्ट २०१६ मध्ये नीस शहराच्या किनाऱ्यावर हत्यारबंद पोलीस एका बाईभोवती उभे राहिले आणि तिला अंगावरचा झगा काढावा लागला, कारण पूर्ण अंग झाकणाऱ्या मुसलमान बायकांवर तिथल्या नगरपालिकांनी बंदी घातली होती. त्याच महिन्यात देशाच्या वरिष्ठ न्यायासनानं दुसऱ्या एका गावची अशीच बंदी थांबवली. आणि ऑगस्ट २०२० मध्ये त्याच देशात सेंत-मारी-ला-मेरच्या किनाऱ्यावर पोलिसांनी ऊन घेत पडलेल्या बायकांना छाती झाकायला सांगितलं. एकीला काढ म्हणतात, दुसरीला घाल म्हणतात. वाळू तीच, पोलीसही तेच.

आता आपल्या बाजूचा किनारा. गोवा १९ डिसेंबर १९६१ ला मुक्त झाला आणि त्याच दशकाच्या शेवटी हिप्पी आले. हणजुणे, वागातोर, कळंगुटच्या वाळूत त्यांच्या बायका-पुरुष कपडे काढून पडू लागले. गावकऱ्यांना ते आवडलं नाही, पाद्र्यांना नाही, सरकारनं नग्नतेला बंदीचे फलक लावले. पण बघायला गाड्या भरभरून माणसं गेली. मुंबईहून, बेळगावाहून, आणखी कुठून कुठून. ऊन घ्यायला आलेली ती बाई डोळे मिटून पडायची आणि उघडले की भोवती पँट-बुटातल्या पुरुषांचं कडं.

याच गोव्यातल्या गावडा-कुणबी बायका पिढ्यान् पिढ्या चोळीशिवाय, खांद्यावर गाठ मारून आखूड लुगडं नेसत आल्या. शेतात उभ्या राहून लावणी करत आल्या. त्यांना बघायला कुणी गाडी करून गेलं नाही, आणि ती मुक्ती आहे असंही कुणी लिहिलं नाही. आपल्या पाड्या-वस्तीवरच्या आज्याही चोळीवाचूनच असत. पदर कामात सरकायचा, पुन्हा खोचला जायचा. बाजारात लेकराला पाजायला बसलेल्या बाईकडं आपल्या भिल्ल-पावऱ्यांत कुणी टक लावत नाही. हे मी स्वर्ग दाखवायला सांगत नाही. उघडी छाती दिसली की नजर आपोआप बिघडते असं जे म्हणतात, ते खोटं आहे, एवढ्यासाठी सांगते. नजर शिकवावी लागते.

ती कशी शिकवली जाते ते मी अलीकडंच पाहिलं. आमच्याकडची पाच-सहा पोरं गोव्याला जाऊन आली. टपोरी नव्हेत, जयंतीच्या मिरवणुकीत पुढं असणारी, वर्गणीचा पैन् पैचा हिशेब देणारी पोरं. मोबाईलवर एकमेकांना फोटो दाखवत होती. किनाऱ्यावर पालथी पडलेली कुणी परदेशी बाई, तिला कळू न देता काढलेली. मी म्हटलं, हे काय रे? एक जण म्हणाला, “ताई, त्या तशाच असतात.”

हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आलेय. पाटलाच्या बांधावर ऐकलंय, बस स्टँडवर ऐकलंय. ‘त्या तशाच असतात’ हे आमच्या बायांबद्दल म्हटलं जायचं. शेतात जातात, उघड्यावर न्हातात, हसून बोलतात, त्या तशाच असतात. आणि बाई तशीच असते हे एकदा ठरलं की तिच्यावर हात टाकायला कुणाची परवानगी लागत नाही.

आता खरा इतिहास. त्रावणकोर संस्थान, म्हणजे आजचं दक्षिण केरळ आणि कन्याकुमारी जिल्हा. तिथं उघडी छाती ही मान देण्याची रीत होती. नंबुद्री देवापुढं छाती उघडी करायचा, नायर नंबुद्रीपुढं, आणि खालच्या जातींनी सगळ्यांपुढं, सदासर्वकाळ. बायकांनाही हेच लागू. म्हणजे कापड हा जातीचा दाखलाच होता. नाडार जातीच्या, तेव्हा शाणार म्हणत, बायकांनी ख्रिस्ती होऊन वरचं अंग झाकायला सुरुवात केली तेव्हा बाजारात त्यांचं कापड फाडलं गेलं, घरं आणि शाळा जाळल्या गेल्या. १८२२-२३ ला दंगे, १८२९ ला राजाचा जाहीरनामा की नायर बायकांसारखं वरचं वस्त्र पांघरायचं नाही, १८५८ ला पुन्हा दंगे. शेवटी मद्रासच्या इंग्रज गव्हर्नरचा दाब आला आणि २६ जुलै १८५९ ला महाराजांनी जाहीर केलं की शाणार बायकांनी छाती झाकायला हरकत नाही, मात्र वरच्या जातीच्या बायकांसारखी झाकू नये.

हा शेवटचा तुकडा पाठ करून ठेवा. झाका, पण त्यांच्यासारखं नको. चाळीस-पन्नास वर्षं बायकांनी मार खाल्ला आणि राजानं दिलं काय, तर झाकायची परवानगी. फरकाची खूण त्यानं हातची सोडली नाही. नवव्या इयत्तेच्या इतिहासाच्या पुस्तकात हा धडा होता. २०१६ साली केंद्रीय शिक्षण मंडळानं त्यावर परीक्षेत प्रश्न विचारू नयेत असं कळवलं, आणि २०१९ साली तो पुस्तकातूनच गेला. त्याच त्रावणकोरात १९१५ साली अय्यंकाळींच्या हाकेवर पुलया बायकांनी गळ्यातल्या दगडी मण्यांच्या माळा, ज्या त्यांच्या जातीनं घालायच्याच असा दंडक होता, भर सभेत तोडून टाकल्या.

ब्राह्मणी व्यवस्था आपल्या बायकांनाही सोडत नव्हती. नवरा मेला की डोकं भादरायचं, आलवण नेसवायचं, आणि चोळी बंद. इथंही हुकूमच. फक्त तो घराच्या आत चालायचा.

आणि आता महाड. २५ डिसेंबर १९२७ ला मनुस्मृती जाळली हे शेंबड्या पोरालाही माहीत आहे. २७ तारखेला बाबासाहेब बायकांशी वेगळं बोलले, ते भाषण मात्र आपले वक्ते दोन मिनिटांत उरकतात. त्यांनी सांगितलं ते साधारण असं: गुडघ्यापर्यंत आखूड लुगडं नेसू नका, वरच्या जातीच्या बायका नेसतात तसं नेसा. गळ्यातले, हातापायांतले ते जड कथलाचे दागिने टाका. लुगडं फाटकं असलं तरी चालेल, स्वच्छ असू द्या. अस्पृश्य म्हणून लांबून ओळख पटवणारी एकही खूण अंगावर ठेवू नका. बायकांनी ते तिथल्या तिथं अमलात आणलं. कुठलंही शिबिर नाही, ठराव नाही. टिपणीस आणि चित्रे यांच्या घरच्या बायकांनी त्यांना नवं नेसणं दाखवलं.

त्रावणकोरच्या राजाचा हुकूम आणि महाडचं भाषण समोरासमोर धरा. राजा म्हणाला, त्यांच्यासारखं नको. बाबासाहेब म्हणाले, अगदी त्यांच्यासारखंच. त्या दिवशी पायघोळ लुगडं हे बंड होतं. कारण त्यानं जात ओळखू येईनाशी होत होती. पाय दिसले म्हणून बाबासाहेबांना लाज वाटली, असा अर्थ काढणाऱ्यानं ते भाषण पुन्हा वाचावं.

हे मी रागानं लिहितेय, कारण दोन वर्षांमागं आमच्याकडच्या एका शिबिरात, नाव घेत नाही, एका पोरीला ओढणी नाही म्हणून व्यासपीठावर बोलू दिलं नाही. पोरगी बारावीत, भाषण पाठ करून आलेली. आयोजकांतले एक वडीलधारे म्हणाले, “बाबासाहेबांनीच सांगितलंय, बाईनं नीट नेसावं.” पोरगी काही बोलली नाही. मी बोलले, तर मला सांगितलं, ताई, समाज काय म्हणेल? कुठला समाज? ज्यानं आपल्या बायकांना आखूड लुगडं ठरवून दिलं, तोच ना?

खूण अंगावरून काढायला सांगितली होती बाबासाहेबांनी. आपण ओढणीची नवीन खूण तयार केली.

आता उलटी बाजू, कारण कापड काढणं म्हणजे स्वातंत्र्य असं मी म्हटलं तर चंद्रगुत्ती मला माफ करणार नाही. कर्नाटकात शिमोगा जिल्ह्यात सोरब तालुक्यात हे गाव. डोंगरावर रेणुकांबेचं देऊळ, खाली वरदा नदी. दरवर्षी जत्रेला बायका नदीत बुडी मारून नागड्या अंगानं, कडुनिंबाचा पाला घेऊन, देवळाकडं पळायच्या. याला बेत्तले सेवे म्हणत. बेत्तले म्हणजे नागडं. बहुतेक बाया दलित आणि मागास जातींतल्या. नवस होता, भीती होती, अंगात आलेलं होतं. काठावर बघे होते, कॅमेरेवाले होते. मार्च १९८६ मध्ये दलित संघर्ष समितीचे कार्यकर्ते हे थांबवायला गेले. जमावानं कार्यकर्त्यांना, पत्रकारांना, पोलिसांना झोडपलं आणि त्यांचेच कपडे फेडून त्यांना नागडं चालवलं. महिला पोलीसही सुटल्या नाहीत. मग सरकारनं बंदी घातली.

नदी होती, ऊन होतं, उघड्या अंगाच्या बाया होत्या. रॉचेस्टरच्या बागेतल्या सात जणींसारखंच चित्र, असं लांबून कुणी म्हणेल. पण त्या सात जणींना घरी जाताना शर्ट घालायचा की नाही ते त्यांचं त्या ठरवणार होत्या. वरदेच्या काठावरच्या बाईला देवी कोपेल एवढंच माहीत होतं, आणि देवीच्या वतीनं बोलणारा कुणी तिच्या जातीचा नव्हता.

आणि तिसरा प्रकार आपण सगळ्यांनी ऐकलाय. १९६३ चं औरंगाबाद जिल्ह्यातलं सिरसगाव. चार बौद्ध बायांची लुगडी फेडून गावातून फिरवलं. १९७२ चं परभणी जिल्ह्यातलं ब्राह्मणगाव. विहिरीच्या पाण्यावरून दोन बायांना नागडं केलं. त्याच वर्षीच्या १५ ऑगस्टला ‘साधना’च्या अंकात राजा ढाले यांनी काळ्या स्वातंत्र्यदिनावर लिहिलं. झेंड्याचा अपमान केला तर दंड ३०० रुपये, आणि आपल्या बाईचं लुगडं फेडलं तर ५०. त्यांच्या भाषेवरून महाराष्ट्र पेटला. हिशेबावर कुणाला उत्तर देता आलं नाही. ५० रुपयांत त्या काळी चांगलं लुगडं येत असेल.

१५ जुलै २००४ ला इंफाळमध्ये बारा बायकांनी, बहुतेक आया-आज्याच, कांगला किल्ल्याच्या दारापुढं आपले कपडे आपण काढले. मनोरमा नावाच्या पोरीला आसाम रायफल्सनं रात्री उचललं होतं, आणि सकाळी तिचं प्रेत सापडलं होतं. त्या उभ्या राहिल्या आणि लष्कराचे शिपाई खाली बघू लागले. त्याच मणिपुरात मे २०२३ मध्ये झुंडीनं बायकांचे कपडे काढून त्यांना शेतातून चालवलं, आणि दोन महिन्यांनी चित्रफीत बाहेर आली तेव्हा दिल्ली जागी झाली.

जून २०२३ मध्ये केरळच्या उच्च न्यायालयासमोर एका बाईचा खटला आला. तिनं आपल्या उघड्या छातीवर आपल्या मुलांना रंग काढू दिला होता. न्यायमूर्तींनी खटला रद्द केला. पुरुष उघड्या अंगानं फिरतो तेव्हा ते अश्लील ठरत नाही, बाईचं उघडं अंगही आपोआप कामुक ठरत नाही, आणि आपल्या शरीराचं काय करायचं हे तिचं ती ठरवेल, असा निकालाचा आशय होता. खालच्या जातींच्या बायका एकेकाळी याच मुलखात छाती झाकायच्या हक्कासाठी लढल्या होत्या, याची आठवणही निकालात होती.

आपल्या कामाचं म्हणाल, तर कलमं लिहून ठेवा. १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्यात २०१५ ची दुरुस्ती झाली, ती २६ जानेवारी २०१६ पासून लागू आहे. कलम ३(१)(ड) मध्ये नागडं किंवा अर्धनग्न फिरवणं येतं. (इ) मध्ये जबरदस्तीनं कपडे काढणं, मुंडण करणं येतं. (क) मध्ये बाई देवाला सोडणं. क्रम इंग्रजी अक्षरांचा आहे: डी, ई आणि के. शिवाय १ जुलै २०२४ पासूनच्या भारतीय न्याय संहितेत कलम ७६ आहे. ठाण्यात बाई फिर्याद द्यायला गेली की ‘झटापटीत पदर ओढला गेला’ असं लिहिलं जातं. पदर ओढला जात नाही, कुणीतरी ओढतो. वाक्यात ओढणाऱ्याचं नाव आल्याशिवाय तिला अंगठा देऊ देऊ नका.

आणि ऊसतोडीचे पडाव. आमच्या वस्तीतली दोन-चार घरंही भिल्लांच्या टोळ्यांबरोबर जायची. आई सांगते, चार महिने अंघोळ पहाटे अंधारात, एकीनं लुगडं आडवं धरायचं, दुसरीनं न्हायचं, आणि ट्रॅक्टरचा उजेड आला की ओल्या अंगानं खाली बसायचं. मुकादमाला उचल मागताना पुरुष पैशाचं बोलतात. येत्या हंगामाआधी टोळ्यांच्या बैठका होतील, तिथं आपल्यातल्या कुणी तरी न्हाणीचं बोला. चार बांबू, एक ताडपत्री, आतून कडी. बायांना विचारून जागा ठरवा.